ओझे किती, याहून ओझे कोठे?

परदेशी नोकरीस असलेल्या मुलाकडे अथवा लेकीकडे दोनचार महिने राहून आलेले आईवडील आज आपणां बहुतेकांच्या ओळखीत असतील. कदाचित आपण स्वतःच त्यांपैकी एक असाल. तर अशी कल्पना करा, की आपण उभयता जर्मनीतील म्युनिक शहरी लेकीच्या घरी आहात. ऑगस्टचे दिवस आहेत, नातीच्या शाळेला सुट्टी लागली आहे आणि इटलीतील गार्डा सरोवराच्या काठी आठ दिवस मुक्काम करण्याचा बेत ठरला आहे. अंगणात दोन चाकांवर उभे असलेले एक पांढरेशुभ्र घर आहे. त्यात झोपण्याच्या जागा आहेत, गॅसची शेगडी आहे, भांड्यांचे कपाट आहे. हे घर मोटारीच्या मागे जोडावयाचे आणि निघावयाचे. कॅराव्हॅन म्हणतात ते हेच.

जावई घराच्या पाठीमागील भिंतीवर एक चौकट बसवून तिच्यावर सायकली चढवीत आहेत. दोन मोठ्या, एक नातीची लहान. आपण हातात चहाचा पेला घेऊन पाहात उभे आहात. "नीट आवळल्या आहेत ना?" एवढे आपण विचारता, "हो बाबा, अगदी घट्ट," असे उत्तर येते, आणि आपण समाधानाने आत जाता. परक्या देशातील यंत्रांविषयी आपण आणखी काय बोलणार, असे आपल्या मनात येते.

वाचकहो, येथे आपण थोडे थांबावे. सायकली घट्ट आहेत की नाहीत हा प्रश्न महत्त्वाचा खरा. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे, आणि तो विचारण्याचा अधिकार आपणास पुरेपूर आहे. ज्याने लहानपणी गावी बैलगाडी भरताना पाहिली आहे, त्याला या प्रश्नाचे उत्तरही निम्मेअधिक ठाऊक असते.

बैलगाडीचा धडा

गाडीत कडबा, पोती अथवा दगड भरताना जाणता गाडीवान ओझ्याची वाटणी फार लक्षपूर्वक करतो. ओझे पुढे जास्त झाले, तर जू बैलांच्या मानेवर बसते आणि खांदे सोलवटतात. ओझे मागे जास्त झाले, तर दांडी वर उचलते, जू मानेवरून सुटू पाहते आणि गळ्याखालचा पट्टा बैलाचा श्वास कोंडतो. अशा मागे जड झालेल्या गाडीला आपल्या भाषेत 'उलाळ' असा नेमका शब्द आहे; कोठे कोठे 'उलार' असेही म्हणतात. गाडी उलाळ झाली, की शहाणा गाडीवान ओझे कमी करीत बसत नाही. तो मागची दोन पोती पुढे ओढतो. ओझे तेवढेच राहते, पण बैलांना चालता येते.

मोटारीच्या मागे जोडलेले दोन चाकांचे घर ही तत्त्वतः बैलगाडीच होय. जुवाच्या जागी मोटारीच्या पाठीशी असलेला लोखंडी गोळा असतो, त्यावर घराच्या दांडीचे तोंड बसते. दांडी त्या गोळ्यावर किती किलोग्रॅमने दाबते, यावर पुढील सारे अवलंबून असते. ब्रिटनमध्ये हा दाब घराच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा असे सांगितले जाते. अमेरिकेत घरे अधिक जड असतात व तेथे १० ते १५ टक्के धरतात. जर्मनीत मोटारीची आणि घराची जी कमाल मर्यादा असेल, त्यांतील लहान मर्यादेच्या शक्य तितके जवळ, परंतु आतच राहावे, असा सल्ला असतो. आकडे निरनिराळे असले तरी सांगणे एकच आहे: दांडीने पुढे दाबले पाहिजे, ती हलकी होता कामा नये.

कागदावर एक हिशेब

आपल्या कल्पनेतील घर सामानासह १२०० किलोग्रॅमचे आहे असे समजा. गोळ्यापासून चाकांच्या आसापर्यंतचे अंतर ४ मीटर, आणि गोळ्यावरील दाब ७५ किलोग्रॅम आहे. म्हणजे सव्वासहा टक्के. प्रमाण उत्तम आहे. आता दोन मोठ्या सायकली, प्रत्येकी १५ किलोग्रॅमच्या, आणि १० किलोग्रॅमची चौकट असे ४० किलोग्रॅमचे ओझे आसाच्या मागे ३ मीटरवर टांगले. तराजूचा नियम लावला, तर ४० गुणिले ३ भागिले ४, म्हणजे ३० किलोग्रॅमने दांडी वर उचलली गेली. पुढे ७५ होते ते ४५ उरले, आणि एकूण वजन मात्र १२४० झाले. प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आले. विजेवर चालणाऱ्या सायकली असतील, तर एकेकीचे वजन सहज २५ किलोग्रॅम भरते. मग मागचे ओझे ६० होते आणि गोळ्यावर अवघे ३० किलोग्रॅम उरतात. गाडी उलाळ होत चालली.

येथे बैलाचा श्वास कोंडत नाही, म्हणून चालकाला काही कळत नाही. गावातल्या संथ रस्त्यावर तर मुळीच नाही. धोका कळतो तो वेग वाढल्यावर.

शेपूट डोलू लागते तेव्हा

वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या मागचे घर एखाद्या झुळुकीने किंवा बाजूने गेलेल्या मालमोटारीच्या धक्क्याने किंचित डावीउजवीकडे हलते. पुढचा दाब पुरेसा असेल, तर दोनतीन झोकांत ते आपोआप स्थिर होते. दाब अपुरा असेल आणि ओझे मागे असेल, तर प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होऊ लागतो. उलाळ घराची दांडी मोटारीची पाठ उचलत असल्याने मोटारीच्या मागील चाकांची रस्त्यावरील पकडही त्याच वेळी कमी झालेली असते. मग घर मोटारीला हलवू लागते, आणि अखेर दोन्ही आडवी होतात. हे सारे घडण्यास काही सेकंद पुरतात.

यात आणखी एक गोष्ट आहे. ती घरच्या घरी मुलांना दाखविण्याजोगी आहे. एक काठी घ्या. पाण्याने भरलेल्या दोन सारख्या बाटल्या काठीच्या मध्याशी, हाताच्या दोहों बाजूंस बांधा आणि काठी मनगटाने डावीउजवीकडे फिरवा. आता त्याच बाटल्या काठीच्या टोकांना बांधून पुन्हा फिरवा. वजन बदललेले नाही. पण फिरणारी काठी थांबवताना मनगटाला केवढा हिसका बसतो ते पाहा. मध्यापासूनचे अंतर दुप्पट झाले, की हा हट्ट चौपट होतो. सायकली घराच्या अगदी शेवटच्या भिंतीवर टांगणे म्हणजे बाटल्या काठीच्या टोकाला बांधणे होय. एकदा सुरू झालेला झोका ती थांबू देत नाही.

म्हणून जाणते प्रवासी जड सामान आसाच्या वर, जमिनीलगत ठेवतात; मध्यम वजनाचे त्याच्या आसपास; आणि टोकाकडील कपाटांत पांघरुणे, कपडे, मुलांची खेळणी अशा हलक्या वस्तू. सायकल हे विचित्र सामान आहे. ते फार जड नाही, पण लांबरुंद आहे, आणि जागा मिळेल तेथे म्हणजे बहुधा टोकालाच जाऊन बसते. अडचण उभी राहते ती यामुळे.

जुनी सोबत

सायकल आणि फिरते घर यांची जोडी मात्र आजची नाही. इंग्लंडमध्ये हौसेने प्रवास करण्यासाठी बांधलेल्या पहिल्या घरांत ज्याची गणना होते, ते 'वाँडरर' १८८५ साली ब्रिस्टलच्या एका कारखान्यात तयार झाले. नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर आणि मुलांचे लेखक गॉर्डन स्टेबल्स यांचे ते होते. दोन घोडे ते ओढीत, आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सूचना देण्यासाठी त्यांचा सेवक तीनचाकी सायकलीवर बसून पुढे जाई. १९०१ साली थॉमस हायरॅम होल्डिंग यांनी सायकलवरून तंबू घेऊन भटकणाऱ्यांची एक संस्था इंग्लंडमध्ये स्थापन केली. फिरत्या घरांच्या प्रवाशांचा तेथील मोठा क्लब आज तिच्यातूनच वाढलेला आहे. पुढे १९४७ साली आल्फ्रेड लतूर्नर या फ्रेंच सायकलपटूने अमेरिकेतील एअरस्ट्रीम कंपनीचे ॲल्युमिनियमचे फिरते घर चक्क सायकलीला जोडून ओढले आणि त्याचे छायाचित्र जगभर गाजले. घर किती हलके आहे, हे कंपनीला दाखवावयाचे होते.

सायकलीची गरजही खरीच आहे. फिरती घरे उभी करण्याची मैदाने बहुधा गावाबाहेर असतात. घर एकदा उभे केले, तंबू लावला, की पाव-दुधासाठी पुन्हा मोटार काढणे जिवावर येते. मुलांना तर सरोवराकाठच्या वाटेवर सायकल चालविणे हीच खरी सुट्टी. तेव्हा सायकली घरी ठेवा, असा उपदेश करून उपयोग नाही. त्या कोठे ठेवाव्या, एवढेच ठरवावयाचे आहे.

पाच जागांची तपासणी

घराच्या मागील भिंतीवर: ही जागा सर्वांत सोयीची दिसते आणि सर्वांत जास्त विचार मागते. उत्पादकाने भिंतीत त्यासाठी खास आधार दिलेला असेल, त्याने सांगितलेल्या वजनाच्या आत आपण असू, आणि आतील सामान पुढे सरकवून गोळ्यावरचा दाब पूर्ववत केलेला असेल, तरच तिचा उपयोग करावा. एस्. टी.च्या शेवटच्या बाकावर ज्याने प्रवास केला आहे, त्याला आणखी एक कारण सांगावे लागणार नाही. मागील चाकांच्याही मागे असलेला तो बाक खड्ड्यावर प्रवाशाला जसा उडवितो, तसेच आसामागे तीन मीटरवर टांगलेल्या सायकलींचे होते. प्रत्येक दणक्याला चौकटीवरचा ताण वजनाच्या कितीतरी पट वाढतो. अमेरिकेत मोठ्या फिरत्या घरांच्या मागे जो चौकोनी पोकळ आडवा दांडा असतो, तो बहुधा पातळ पत्र्याचा असतो. सायकलींच्या चौकटीचा भार त्यावर टाकू नये, असे अनेक उत्पादक स्पष्टपणे सांगतात. मोटारीसाठी बनविलेल्या पुष्कळ चौकटींवरही, त्या फिरत्या घराच्या मागे लावू नयेत, अशी सूचना असते. ती बारीक अक्षरांत असली तरी वाचावी.

घराच्या पुढे, दांडीवर: येथे तोल उलट बाजूने पाहावा लागतो. आपल्याच उदाहरणात ४० किलोग्रॅमचे ओझे गोळ्यामागे अर्ध्या मीटरवर ठेवले, तर दांडीवर ३५ किलोग्रॅम वाढतात आणि ७५ चे ११० होतात. मोटारीची मर्यादा ८५ असेल, तर हे चालणार नाही. बैलाच्या खांद्यावर जू बसले. उपाय मात्र सोपा आहे. पुढच्या पेटीत तंबू, खुंटे, पाण्याचे डबे असे ४० किलोग्रॅमचे सामान आसाच्या पुढे ३ मीटरवर ठेवले असेल, तर ते आसाच्या वर आणावे. दाब ३० किलोग्रॅमने उतरून ८० वर येतो, आणि गाडी समतोल होते. या जागी सायकलींची मुठी व पायटे वळणावर मोटारीच्या मागील काचेस लागत नाहीत ना, हे मोकळ्या मैदानात मोटार दोन्ही अंगांना पूर्ण वळवून आणि मागे घेऊन पाहावे. गॅसच्या टाकीचे झाकण, हातब्रेक आणि दांडीखालचे लहान चाक यांपर्यंत हात पोहोचला पाहिजे.

मोटारीच्या टपावर: घराच्या तोलाला येथून धक्का लागत नाही, हा मोठा गुण. परंतु टपाची मर्यादा पुस्तिकेत पाहावी; तीत चौकटीचे वजनही धरावयाचे असते. वीस-पंचवीस किलोग्रॅमची विजेची सायकल डोक्यावर उचलून चढविणे हे पाठीस जपणाऱ्यांचे काम नव्हे. शिवाय उंची वाढते. टपावर सायकली आहेत हे विसरून चालक गाडी बुटक्या फाटकाखाली किंवा वाहनतळाच्या छताखाली घालतो आणि सायकली, चौकट व टप तिन्ही गमावतो. एकूण उंची मोजून ती कागदावर लिहावी व चालकाच्या समोर चिकटवावी.

मोटारीच्या पाठीशी: तेथे गोळ्यावर घर जोडलेले असल्याने नेहमीची चौकट बहुधा बसत नाही. घर आणि सायकली दोन्ही पेलतील अशा खास जोडण्या मिळतात. पण गोळा जितका मागे सरकवावा तितकी मोटारीची भार पेलण्याची शक्ती घटते, हे उत्पादकाच्या आकड्यांवरून तपासल्याशिवाय त्यांच्या वाटेस जाऊ नये. धूर सोडणारी नळी सायकलीच्या टायरच्या जवळ आली, तर उष्णतेने रबर वितळते, तेही पाहावे.

घराच्या आत: तोलाच्या दृष्टीने यापरती जागा नाही. आसाच्या वर, जमिनीवर जुनी गोधडी अंथरून, पुढचे चाक काढून सायकल आडवी ठेवावी आणि पट्ट्यांनी पक्की जखडावी. न बांधलेली सायकल ब्रेक दाबताच आतल्या कपाटांवर जाऊन आदळते. वंगण लागू नये म्हणून साखळीला फडके गुंडाळावे. गैरसोय एवढीच, की वाटेत चहासाठी थांबलात तर आधी सायकल बाहेर काढावी लागते. नातीची लहान सायकल तरी येथेच जावी. मात्र सायकलीबरोबर नातीला आत बसवावे असे कोणाच्या मनातही येऊ नये; चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणसे बसविण्यास ब्रिटनप्रमाणेच जर्मनीतही मनाई आहे.

बांधणी आणि कायदा

जागा ठरली, की बांधणीकडे वळावे. पाण्याची बाटली, पंप, टोपली, दिवे, लहान मुलाची बैठक अशा सुट्या वस्तू प्रथम काढाव्या. विजेच्या सायकलीची बॅटरी काढून मोटारीत ठेवावी. तिने वजनही दोनतीन किलोग्रॅम कमी होते. सर्वांत जड सायकल आतल्या अंगास, हलकी बाहेर. एकीचे तोंड डावीकडे तर दुसरीचे उजवीकडे. प्रत्येक सायकलीचा सांगाडा चौकटीला, दोन्ही चाके तळाच्या पन्हळींना, आणि शेवटी सर्व सायकली एकत्र चौकटीला, अशी तिहेरी बांधणी असावी. वाऱ्याने फिरणारे चाक आणि डुलणारी मूठ पट्टा हळूहळू सैल करतात, म्हणून तीही बांधावी. रबरी दोऱ्यांवर कधीही विसंबू नये, त्या ताणतात. सायकलीच्या जुन्या ट्यूबचे तुकडे मात्र सांगाडे एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये घालावयास फार उपयोगी. पट्ट्यांची मोकळी टोके गाठ मारून आवरावी. सायकलींवर ताडपत्री घालण्याचा मोह टाळावा. ती शिडासारखी वारा धरते आणि दिवेही झाकते.

पहिल्या पंधरावीस किलोमीटरवर थांबून सर्व पट्टे पुन्हा आवळावे आणि पुढे प्रत्येक विश्रांतीस हात लावून पाहावे. नवी गाठ प्रवासातच बसते, हे आपल्याकडे टपावर सामान बांधणारा प्रत्येक मनुष्य जाणतो.

मागच्या सायकलींनी दिवे किंवा वाहनाचा क्रमांक झाकला जात असेल, तर चौकटीवर दिव्यांची व क्रमांकाची वेगळी पाटी लावावी लागते. इटली आणि स्पेन या देशांत वाहनाच्या मागे बाहेर येणाऱ्या ओझ्यावर लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची ५० सेंटिमीटर चौरस पाटी बंधनकारक आहे. वेगाची मर्यादाही घर जोडताच बदलते. जर्मनीत ती ताशी ८० किलोमीटर असून विशिष्ट अटी पूर्ण करणाऱ्या जोडीला द्रुतमार्गावर १०० ची परवानगी मिळते; इटलीच्या द्रुतमार्गावर ८० आणि गावाबाहेरील इतर रस्त्यांवर ७०; ब्रिटनच्या द्रुतमार्गावर ६० मैल; अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ५५ मैल. आपल्यापुढील मोटारी सुसाट जातात म्हणून या आकड्यांना कोणी हसू नये. डोलण्याचा रोग वेगावरच पोसतो.

उंच पुलावरून

आता आपल्या कल्पनेतील प्रवासाकडे परत येऊ. म्युनिकहून गार्डा सरोवर सुमारे चारशे किलोमीटर. वाटेत ऑस्ट्रियातील इन्सब्रुक शहर सोडले, की आल्प्स पर्वतातील ब्रेनर खिंडीचा चढ लागतो. त्या चढावर १९६३ साली खुला झालेला 'युरोपा पूल' आहे. खालची दरी सुमारे १९० मीटर खोल, आणि दरीतून येणारा वारा आडवा. पुलावरून जाताना शेजारून एखादी लांबलचक मालमोटार पुढे जाते. प्रथम तिने लोटलेली हवा घराला बाहेर ढकलते, मग ती पुढे सरकताच घर तिच्याकडे ओढले जाते. खिंड ओलांडल्यावर इटलीच्या बाजूस लांब उतार आहे, आणि उतारावर मागचे घर मोटारीला पुढे रेटत असल्याने तोल अधिक नाजूक होतो. मोटारीत आपण दोघे, लेक, जावई आणि मागच्या बाकावर झोपी गेलेली नात. सकाळी अंगणात सायकली कोठे टांगल्या, याचा जाब येथे द्यावा लागतो.

घर डोलू लागलेच, तर काय करावे? वेग देणारे पायटे हळूच सोडावे आणि चाक सरळ धरून ठेवावे. झोक्याच्या उलट चाक फिरवून त्याला गाठण्याचा प्रयत्न करू नये. मनुष्याचा हात नेहमी अर्धा क्षण उशिरा पोहोचतो आणि झोका वाढवितो. ब्रेक जोराने दाबू नये. वेग वाढवून घर सरळ करता येते, असा एक समज आहे. तो घातक आहे. ज्या गाड्यांत केवळ मागच्या घराचे ब्रेक हाताने लावण्याची सोय असते, जशी अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी असते, तेथे ते अलगद लावल्यास घर मागे खेचले जाऊन सरळ होते. वेग उतरला, की थांबण्यास योग्य अशी पहिली जागा गाठावी आणि सामान पुन्हा रचावे. "आता बरे चालले आहे" म्हणून तसेच पुढे जाऊ नये. कारण नाहीसे झालेले नसते. वारा तेवढा पडलेला असतो.

हे सारे टाळण्यासाठी निघण्यापूर्वीची पंधरा मिनिटे पुरतात. सामान व सायकली चढविल्यानंतर घर सपाट जागी मोटारीपासून सोडवावे, चाकांना उटी लावावी, आणि दांडीच्या तोंडाखाली गोळ्याच्या उंचीइतका लाकडी ठोकळा ठेवून तो स्नानगृहातील साध्या वजनकाट्यावर टेकवावा. काटा दाखवील तो गोळ्यावरचा दाब. एकूण वजन सार्वजनिक वजनकाट्यावर पाहावे. सायकली आणि चौकट यांचे वजन घराच्या मान्य भारातूनच वजा होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. टायरमधील हवाही त्याच वेळी पाहावी.

आपल्याकडे

आपल्या देशात मोटारीमागे घर जोडून हिंडणारी कुटुंबे अद्याप थोडीच. येथे कॅराव्हॅन म्हटले, की बहुतांशी स्वतःचे यंत्र असलेली, आत राहण्याची सोय केलेली गाडीच डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ साली अशा पर्यटनासाठी धोरणे जाहीर केल्यापासून तिच्याविषयी कुतूहल वाढले आहे. मोटारीच्या पाठीशी सायकली लावून सह्याद्रीच्या घाटात जाणारी तरुण मंडळी मात्र आता सुट्टीच्या दिवशी सर्रास दिसतात. त्यांच्यासाठीही वरील गोष्टी तेवढ्याच खऱ्या आहेत. क्रमांकाची पाटी व दिवे झाकू नयेत, चौकटीची मर्यादा ओलांडू नये, पहिल्या थांब्यास पट्टे पुन्हा आवळावे. आणि आपल्या रस्त्यांवरील गतिरोधक शेवटच्या बाकाची आठवण वरचेवर करून देतात, म्हणून ते सावकाश ओलांडावे.

आणि आपण जर त्या परदेशच्या अंगणात चहाचा पेला घेऊन उभे असाल, तर संकोच करू नका. "जावईबापू, सायकली घट्ट आहेत हे दिसतेच आहे. पण गाडी उलाळ तर झाली नाही ना?" असे विचारा. त्यांना तो शब्द ठाऊक नसेल. मग बैलगाडी, जू आणि मागची दोन पोती यांची गोष्ट सांगा. वजनकाटा आणण्यासाठी नात स्नानगृहाकडे धावत जाईल. प्रवासाला निघण्यास पाव तास उशीर होईल, एवढेच.